रेघ हलत होती

सोनमनं तोंड वाकडं केलं. डोळे घट्ट मिटले, खांदा उचलून उजवा कान झाकायला बघितलं आणि म्हणाली, ‘अप्पा, कमी करा की.’ मी तिच्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या कर्ण्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. कमी काय करायचं? दुकानात आवाजच नव्हता. रविवारची दुपार, शटर अर्धं खाली ओढलेलं, डोक्यावर पंखा घुमत होता आणि नव्या पेठेकडून एखादी रिक्षा गेली तर तेवढीच. तिनं आणलेल्या यंत्राच्या काचेवर मात्र पिवळी रेघ वर-खाली, वर-खाली पळत होती. म्हणजे यंत्राच्या मते अ‍ॅम्प्लिफायर जोरात गात होता आणि माझ्या मते कर्णा बसला होता. ‘कर्णा गेला,’ मी म्हणालो. ‘वायर बघ.’ तिनं वायर बघितली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात मला जे दिसलं ते अजिबात आवडलं नाही. कीव होती ती, किंवा कीव आल्याचं सोंग.

मला संशयी म्हणतात. म्हणू देत. दुरुस्तीचा धंदा विश्वासावर चालत नाही. बिघडलेलं मशीन टेबलावर आलं की त्यातला प्रत्येक भाग चोर आहे असं धरून चालावं लागतं. फ्यूज, वायर, सोल्डरचा टाका, एकेकाला धरून विचारायचं, तू होतास का रे? तीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरातही तेच करतो. भाजी खारट झाली तर मला कुणीतरी माझी परीक्षा बघतंय असं वाटतं. सोनमची आई म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे पोलिसात जबाब द्यायचा. तेव्हा सोनमचं ते तोंड वाकडं करणं लगेच खरं मानायचं मला काही कारण नव्हतं. मायलेकींचं दिवाळीपासून काहीतरी शिजत होतं. टीव्ही केवढ्यानं लावता, फोनवर काय ओरडता, आता दुकान बास झालं. सोनम पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नोकरीला लागल्यापासून तिच्या बोलण्यात एकदम मोजमाप आलं होतं. आणि शाळेत असताना नाटकात तिला बक्षीस मिळालं होतं, हेही मी विसरलो नव्हतो.

माझ्या दुकानाला पाटी नाही. कधी गरज पडली नाही. बिरुदेव मिस्त्री कुठं बसतात विचारलं की लोक बोळ दाखवतात आणि वर सांगतात, त्यांचा कान लई भारी. अ‍ॅम्प्लिफायर आला की मी आत जाणाऱ्या वायरीच्या टोकाला बोट लावतो. घूं झालं की मशीनमध्ये जीव आहे, आणि कसं घूं झालं त्यावरून कुठं दुखतंय ते मी झाकण न उघडता सांगायचो. हा कान मला वडिलांकडून आला. ज्ञानबा त्यांचं नाव. मंगळवेढ्याच्या बाजूला मेंढरं राखली त्यांनी जन्मभर. बसलेल्या कळपात एखादी मेंढी खोकली तर कुठली खोकली ते डोळे न उघडता सांगायचे, आणि सकाळी तीच आजारी निघायची. मी लहानपणी मुद्दाम त्यांच्या मागं उभा राहून खोकून बघायचो. ते म्हणायचे, ‘ह्यो बिरू हाय, मेंढरू न्हवं.’ माझी परीक्षा घ्यायची खोड तेव्हापासूनची असावी.

पण बोटानं जीव कळतो, गोडी कळत नाही. त्यासाठी माझ्याकडं सनई होती. माझ्या लग्नात वाजलेली, कॅसेटवर धरलेली, पुढं पेन ड्राइव्हमध्ये घातलेली. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन मी त्या सनईवर लावून बघायचो. सूर वर चढताना त्याला एक धार येते. ती धार ऐकू आली की मशीन पास. दहा वर्षांपूर्वी ती धार बोथट व्हायला लागली. मी बिघाड शोधतात तसा शोध घेतला. पेन ड्राइव्ह दुसऱ्या ठिकाणी वाजवून बघितला. कर्णा नवा आणला. वायरी बदलल्या. मी बसतो ते स्टूलसुद्धा हलवून बघितलं. सगळं तपासून झालं तरी धार येईना, आणि शेवटी संशयाला एकच जागा उरली. भाग बसवायचं काम जोतीरामकडं होतं.

जोतीराम माझ्याकडं अकरा वर्षं होता. टाका असा मारायचा की भिंगातून बघावा. सुरुवातीला मी त्याला काही बोललो नाही. फक्त त्यानं बसवलेले कंडेन्सर त्याच्यामागं काढून बघायचो. वर नाव बरोबर असायचं, पण नाव काय, कशावरही छापता येतं. मी वरचा, म्हणजे बारीक सुरांचा आवाज वाढवून घेऊ लागलो. ट्रेबलच्या जागी जास्तीचे भाग टाकायला लावले, मग अजून टाकायला लावले. गिऱ्हाइकं मशीन परत आणायला लागली. म्हणायची, मिस्त्री, आवाज टोचतोय, बायकापोरं कान झाकत्यात. मला वाटलं, हा दिवसा माझ्यासमोर कमी करतो आणि मशीन पोचवायला नेताना वाढवतो, माझं नाव घालवायला. एकदा त्यानंही तेच म्हटलं, ‘मिस्त्री, मलाबी टोचतंय. घरी गेल्यावर कानात र्‍हातंय.’ आणि मग खाली बघत, सोल्डर पुसत, ‘तुमी एकदा कान दाखवून या की कुटंतरी.’

ते वाक्य मी नऊ वर्षं विसरलो नाही. बिरुदेव मिस्त्रीला कान दाखवून या! माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. चोरी पकडली जायची वेळ आली की चोर घरमालकालाच आंधळा म्हणतो. मी उठलो, त्याचं दप्तर उचलून बोळात टाकलं आणि सगळ्या दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, की हा चोर आहे, माझे चांगले भाग काढून विकतो आणि नकली बसवतो. जोतीराम दप्तर उचलायला वाकला. त्याच्या हातात अजून सोल्डरची गन होती, ती त्यानं आत येऊन स्टँडवर नीट ठेवलं आणि गेला. बोळातल्या कुणी पुरावा मागितला नाही. मिस्त्रीनं ऐकलंय म्हणजे असणारच. त्यानंतर त्याला बोळात कुणी काम दिलं नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत मागावर लागला असं पुढं कळलं. टॉवेलच्या कारखान्यात. मी म्हणालो, तिथं बरं आहे, तिथं चोरायला काय आहे.

त्यानं बांधलेला शेवटचा, जास्तीचे भाग अजून न टाकलेला अ‍ॅम्प्लिफायर मी विकला नाही. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला, पुरावा म्हणून. मनाशी म्हणायचो, एक दिवस हे सिद्ध करीन. आणि खरं सांगायचं तर सोनमनं ते यंत्र आणलं तेव्हा मी शिकायला तयार झालो तो त्यासाठीच. तिला वाटलं, अप्पांना नवीन शिकायची हौस आली. लॅबमधून साहेबांना विचारून तिनं ते एका सुट्टीपुरतं आणलं होतं, सोमवारी सकाळी परत द्यायचं होतं. एक काचेचं, रेघ दाखवणारं. त्याला स्कोप म्हणतात. आणि एक छोटी डबी, हवा तेवढ्या उंचीचा सूर काढणारी. डबीवर आकडा दिसतो. हजार म्हणजे सेकंदात हजार हेलकावे. जेवढा आकडा मोठा तेवढा सूर बारीक. डबीचा सूर मशीनमध्ये सोडायचा आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं, दोन्ही रेघा एकाखाली एक बघायच्या. ‘ह्यात कान लागत न्हाई अप्पा,’ सोनम म्हणाली. ती सहज म्हणाली असेल. मला तेही लागलं.

मी माळ्यावरून जोतीरामचं मशीन काढलं. तिनं कुणाचं म्हणून विचारलं नाही, ते चांगलं झालं. पहिल्यांदा कर्ण्याऐवजी एक जाडजूड रेझिस्टर लावला, म्हणजे आवाज न करता मोजता येतं. मशीन सुरू केलं, प्रोबचं, म्हणजे स्कोपच्या सुईचं टोक बाहेरच्या वायरीला लावलं, आणि माझा जीव हरखला. वरची रेघ डोंगराएवढी आणि खालची मुंगीएवढी. आत एवढं गेलं आणि बाहेर एवढंसं? ‘बघ!’ मी ओरडलोच. ‘म्हणलं होतं का न्हाय? चोर हाय त्यो!’ नऊ वर्षं अडकलेला श्वास सुटल्यासारखं वाटलं. सोनमनं प्रोबच्या मानेवरचं बारीकसं बटण नखानं सरकवलं आणि मुंगीचा डोंगर झाला. ते बटण दहाच्या खुणेवर होतं. तसं ठेवलं की प्रोब काचेला दहावा हिस्साच दाखवतो. ‘आधी आपला प्रोब बघायचा अप्पा, मग दुसऱ्याचं मशीन,’ ती म्हणाली. ‘पहिल्या वर्षाची पोरं हमखास हेच करत्यात.’ मी हसलो. हसू ओठावरच राहिलं.

मग तिनं मला आकडा वाढवायला सांगितला. नकली भाग वरचा आवाज खात असतील तर आकडा चढेल तशी खालची रेघ बुटकी व्हायला हवी होती. मी वाट बघत होतो. पाचशे, हजार, दोन हजार. रेघेला दाटी आली पण उंची तीच. चार हजार, आठ हजार, बारा. उंची तीच. मी काचेला पट्टी लावून बघितली. पट्टीवर कणभरही फरक नाही. एवढं सपाट मशीन लॅबमध्येसुद्धा नाही, असं सोनम म्हणाली आणि कुणी बांधलं म्हणून आता विचारलं. मी म्हणालो, होता एकजण. मनात आलं, यंत्रच जुनं असेल. डबी खोटं बोलत असेल. सोनमनं काहीतरी आधीच फिरवून ठेवलं असेल. म्हटलं, रेघेचं सोड, आपण ऐकून बघू. रेझिस्टर काढून कर्णा लावला आणि हजारापासून पुन्हा चढवत नेलं. सूर बारीक होत होत पाच हजारांच्या आसपास विरला. मी अजून थोडं फिरवलं. डबीवर सहा हजार आले आणि सोनमनं तोंड वाकडं केलं.

मी तिला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. स्टुलावर नाही, उभं, म्हणजे काचेचं प्रतिबिंब कुठं दिसायला नको. कॅलेंडर उतरवलं, त्याच्या चकचकीत कागदात दिसत असतं. म्हटलं, मी डबी चालू-बंद करणार, तू सांगायचं. बटणाचा खटका कळू नये म्हणून प्रत्येक वेळी दुसऱ्या हातानं पकड आपटत होतो. ‘चालू.’ ‘बंद.’ ‘चालू.’ दोनदा मी काहीच न करता नुसती पकड आपटली. ‘अजून चालूच हाय,’ ती म्हणाली. ‘अप्पा, बास की, डोकं दुखतंय.’ दहापैकी दहा. मग मी भिंतीकडं तोंड केलं. तिनं चालू-बंद केलं आणि मी सांगत गेलो, ठामपणानं, मला येतंय तसं. शेवटी मागं वळलो तेव्हा तिनं कागद उलटा करून ठेवला होता. मी तो सुलटा केला. दहापैकी चार. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते.

मी स्टुलावर बसलो. सोनम जवळ आली, खांद्याला हात लावला, ‘अप्पा, ह्या वयात होतं की सगळ्यांचं, त्यात तुमचं सगळं आयुष्य कर्ण्यासमोर,’ असं काही म्हणाली. मी ऐकत नव्हतो. मला ज्ञानबा आठवत होते, शेवटच्या वर्षांतले. मेंढ्यांच्या गळ्यातल्या बारीक घंटा कुणीतरी काढल्या म्हणून त्यांनी सख्ख्या भावावर, कोंडीबावर आळ घेतला होता. कोंडीबा चुलत्यांनी मेंढी धरून आणली, घंटा त्यांच्या तोंडासमोर हलवली, आणि वडील म्हणाले, ‘जीभ काढलीय हिची.’ घंटेची जीभ लोंबत होती, दिसत होती. आम्ही पोरं ते सांगून सांगून हसायचो. माझ्या लग्नातही कुणीतरी ती नक्कल केली होती, त्याच सनईच्या मागं. कोंडीबा चुलते त्यानंतर आमच्या दारात आले नाहीत. दोघे भाऊ शेजारी राहून न बोलता मेले. मी ते हसणं आठवत होतो. शोध घेताना मी सगळ्यांना धरलं होतं. पेन ड्राइव्ह, कर्णा, वायर, स्टूल, जोतीराम. स्टुलावर बसलेल्याला धरलं नव्हतं.

पाच वाजता मी मशीन, कर्णा आणि डबी पिशव्यांत घालून मोटारसायकलला बांधली. स्कोप टाकीवर, पोटाशी टेकवून ठेवला. सोनम काय समजायचं ते समजली असावी. ‘सांभाळून न्या, माझ्या नावावर हाय,’ एवढंच म्हणाली. अक्कलकोट रोडला लागलो तसा कारखान्यांचा खडखडाट जवळ यायला लागला. तो मात्र मला चांगला ऐकू येत होता, पोटात ऐकू येत होता. वाटेत मी वाक्य तयार करत होतो. चूक माझी होती. नको, एवढं थेट नको. दोघांचीही थोडी. नको. मग वाटलं, हा काय म्हणेल? वर्षानुवर्षं वाट बघत बसला असेल माझी. चार माणसं गोळा करील. पाय धरायला लावील. मी दोनदा गाडी बाजूला घेतली. दुसऱ्यांदा स्कोपची काच रुमालानं पुसली, तशी काही गरज नव्हती.

विचारत विचारत पोचलो. एका खोलीचं घर, पत्र्याची पडवी, पुढं गल्ली. जोतीराम पडवीत माझ्याकडं पाठ करून बसला होता, सायकलच्या साखळीला तेल घालत. केस निम्मे पांढरे. आतून शिलाईयंत्राचा आवाज येत होता. त्याची बायको वैजयंती घरी टॉवेलच्या कडा शिवते. ‘जोतीराम,’ मी हाक मारली. त्यानं तेलाची डबी खाली ठेवली, साखळी फिरवली. ‘जोतीराम!’ साखळी फिरत राहिली. चार हातांवर होतो मी. बघा, मनात म्हटलं, मुद्दाम. गल्लीत दोन बाया थांबून बघत होत्या. माझं रक्त तापलं. परत जावं असं वाटलं. पण पोटाशी दुसऱ्याच्या नावावरचं यंत्र होतं आणि हात भरून आले होते. मी पुढं झालो, त्याच्या खांद्याला गुडघा लावला. तो दचकून वळला.

‘मिस्त्री!’ तो केवढ्यानं ओरडला! मला वाटलं भांडण सुरू झालं. पण तो उठला, हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि माझ्या पोटाशी काय आहे ते बघून त्याचे डोळे बदलले. ‘स्कोप हाय की ह्यो!’ तसाच ओरडून. ‘कुणाचा?’ मी पिशवी सोडली आणि त्याचं मशीन त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उलटं केलं, खालचे टाके बघितले, एका टाक्यावरून अंगठा फिरवला. ‘ठेवलं व्हय तुमी हे,’ तो म्हणाला. का ठेवलं ते मी सांगितलं नाही. वायर आतून ओढून घेतली, सगळं जोडलं, प्रोबच्या मानेवरचं बटण आधी बघितलं. जोतीराम उकिडवा बसून माझ्या बोटांकडं नाही तर माझ्या तोंडाकडं बघत होता. सारखा तोंडाकडंच. मला त्याचा अर्थ लागेना.

मी आकडा चढवत नेला. हजार. दोन हजार. रेघ सपाट उंचीनं चालली होती आणि जोतीराम मान हलवत होता, आपलं काम ओळखल्यासारखा. पाच हजारांच्या पुढं माझ्यासाठी सगळं थांबलं. सहा हजार. पडवी गप्प, रेघ हलतेय. मी त्याच्याकडं बघितलं. आता हा तोंड वाकडं करणार, मला दिसणार, आणि मग मी बोलणार. असं ठरवून आलो होतो. जोतीरामनं कर्ण्याला कान लावला. मग वायर हलवून बघितली. ‘कर्णा गेला काय वो?’

आतलं शिलाईयंत्र थांबलं. वैजयंती दारात आली, दोन्ही तळवे कानांवर दाबून. ‘बंद करा की वो ते! काय लावलंय हे, कान फुटाय लागले!’ गल्लीतल्या बायांनीही पदर कानाला लावले होते. जोतीराम बायकोच्या हातांकडं बघत राहिला, मग काचेकडं, मग माझ्याकडं. तो हुशार माणूस. मी काही सांगायची वेळ आली नाही. त्यानं डबीवरचा माझा हात बाजूला केला आणि आकडा स्वतः खाली आणायला लागला, हळूहळू, माझ्या तोंडाकडं बघत. पाच हजारांच्या खाली मला तो बारीक सूर आला. जोतीराम फिरवतच होता. चार हजार. साडेतीन. माझ्या कानात आता तो चांगला मोठा वाजत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तीनच्याही खाली आल्यावर त्याची बोटं थांबली. ‘आला,’ तो म्हणाला.

‘आठ वर्सं झाली मागावर,’ वैजयंती म्हणाली. ‘पाठीमागनं हाक मारली तर कळत न्हाय त्यास्नी.’

ज्याला टोचत होतं त्याला मी जिथं घातलं तिथं त्याचा कान गेला. माझ्याहून जास्त गेला. मी डबी बंद केली. वाटेत तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. घशात जे होतं ते तसंच बाहेर आलं, नेहमीच्या, बोलायच्या आवाजात. ‘चूक माझी होती. भाग खरे होते. तू चोर न्हवतास.’

‘आँ?’ जोतीराम म्हणाला.

मी त्याच्याकडं नीट बघितलं. तो माझ्या तोंडाकडंच बघत होता. एवढा वेळ तोंडावरून सगळं समजत होतं याला, आणि हेच समजलं नाही? की समजलं, आणि पुन्हा म्हणायला लावतोय? दारात वैजयंती उभी, गल्लीत बाया, पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावलेलं. मुद्दामच असणार. नसेलही. मी त्याच्या डोळ्यांत, ओठांत, हनुवटीवरच्या तेलाच्या डागात शोधलं. सापडेना. यासाठी कुठलं यंत्र नाही.

मी उठून उभा राहिलो. नऊ वर्षांपूर्वी बोळात लावला होता तेवढा आवाज लावला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणालो.